आगीस अडविणारीं दारें : दप्तरखान्यासाठीं पत्रा मढविलेल्या व गुंडाळत्या झडपांचा विचार

जुने कागद शोधणें, वाचणें व छापणें या तीन कामांविषयीं आपल्या मंडळींत पुष्कळ लिहिलें जातें; परंतु शोधून आणलेला कागद ज्या खोलींत ठेवावयाचा, त्या खोलीच्या दाराविषयीं क्वचितच कोणी लिहितो. तो विषय सुताराचा किंवा लोहाराचा, इतिहासकाराचा नव्हे, अशी समजूत असावी. आमचें मत निराळें आहे. छापलेल्या ग्रंथाची एक प्रत जळाली तर दुसरी मिळूं शकते. पोथी, महजर किंवा कीर्दीची वही जळाली तर तिच्यांतील साक्ष कायमची बंद होते. तेव्हां दप्तरखान्याच्या दाराची घडण समजून घेणें हें संग्राहकाच्या कर्तव्यांत मोडतें, असें मानून हा लेख आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुणेकरांस आगीचें भय नव्यानें सांगावयास नको. ता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं शनिवारवाड्यास आग लागली, ती सात दिवस जळत होती. आंतील महाल व दिवाणखाने राख झाले. बाहेरचा तट व दरवाजे आजहि उभे आहेत. पुढें १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या दोन पेशवेकालीन वाड्यांस आगी लागल्या. बुधवारवाडा नामशेष झाला, विश्रामबागवाड्याचा कांहीं भाग वांचला. परदेशांतील ग्रंथसंग्रहांचें दैवहि याहून बरें नव्हतें. लंडनमध्यें ता. २३ ऑक्टोबर १७३१ रोजीं ॲशबर्नहॅम हाऊस या घरांत ठेवलेला कॉटन यांचा सुप्रसिद्ध हस्तलिखितसंग्रह पेटला. वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयास ता. २४ डिसेंबर १८५१ रोजीं धुराड्याच्या दोषानें आग लागून ५५,००० ग्रंथांपैकीं सुमारें ३५,००० ग्रंथ नष्ट झाले.

दगडाच्या किंवा विटांच्या जाड भिंतींतून आग सहसा पलीकडे जात नाहीं. ती जाते दारांतून, खिडक्यांतून, जिन्यांतून व छपरांतून. म्हणजे आगीच्या दृष्टीनें भिंतीचें बळ तिच्यांतील भोंकाइतकेंच. त्या भोंकास काय लावावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. तीन शत्रु, तीन दारें

आपल्याकडील जुने दरवाजे पाहिले म्हणजे ते कोणत्या शत्रूसाठीं घडविले होते हें लगेच कळतें. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर लांब, अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत. हत्तीनें मस्तकाची धडक देऊं नये म्हणून ते बसविलेले. त्या खिळ्यांमधील लाकूड उघडेंच आहे, व ज्वाळेस अडविण्याचा हेतु त्या रचनेंत कोठेंहि दिसत नाहीं. सावकाराच्या खजिन्याच्या खोलीस जाड लोखंडी पट्ट्या व अडसर असत ते चोरासाठीं. आज बाजारपेठेंत प्रत्येक दुकानास जें गुंडाळतें लोखंडी दार दिसतें व ज्यास आपण शटर म्हणतों, तेंहि चोरासाठींच जन्मास आलेलें आहे.

आग हा तिसरा शत्रु. तो धडक देत नाहीं व कुलूपहि फोडीत नाहीं. तो दाराच्या एका बाजूस बसून दुसरी बाजू तापवितो. अशा शत्रूपुढें चोराचें दार उभें केलें तर काय होतें, हें जाणणें अगत्याचें आहे. कारण 'आमच्या दप्तरास लोखंडी दार आहे' या एका वाक्यावर पुष्कळ संग्राहक निर्धास्त झोपतात.

२. केवळ लोखंडाचें दार

लोखंड जळत नाहीं, म्हणून तें आगीस अडवील, असा साधा तर्क आहे. त्यांत तीन दोष आहेत.

पहिला दोष उष्णतावहनाचा. सुक्या मऊ लाकडाच्या तीनशें ते चारशें पट वेगानें लोखंड उष्णता वाहून नेतें. त्यामुळें पत्र्याचें दार थोड्याच वेळांत दोन्हीं बाजूंस सारखेंच तापतें, व त्यास टेकलेली वस्तु ज्वाळेचा स्पर्श नसतांहि पेट घेते. दुसरा दोष प्रसरणाचा. एका बाजूनें तापलेला पत्रा त्या बाजूस फुगतो, चौकटींतून सुटतो व कडेला फट पडते. त्या फटींतून ज्वाळा सरळ आंत येते. तिसरा दोष बळाचा. सुमारें ५५० अंश सेंटिग्रेड उष्णतेस पोलादाचें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें. मग दार स्वतःच्या भारानेंच वांकतें, बिजागऱ्यांतून लोंबूं लागतें. वखारीच्या आगींत ही उष्णता कांहीं मिनिटांतच येऊन पोंचते.

याहून मोठा चौथा दोष दाराचा नसून मनुष्याचा आहे. लंडनच्या टूली स्ट्रीटवरील वखारींस ता. २२ जून १८६१ रोजीं आग लागली. लंडनच्या अग्निशामक दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड हे भिंत कोसळून तेथें ठार झाले. याच ब्रेडवुड यांनीं उघडें लोखंड वापरून बांधलेल्या तथाकथित अग्निरोधक इमारतींविषयीं पूर्वींच सावधगिरीची सूचना दिली होती. त्या वखारींच्या कोठारांमध्यें आग अडविण्यासाठीं लोखंडी दारें बसविलेलीं होतीं. परंतु कामाच्या सोयीसाठीं तीं उघडीं ठेवलेलीं होतीं. आग दोन आठवडे विझली नाहीं. उघडें राहिलेलें अग्निरोधक दार आणि दार नसलेलें भगदाड यांत आगीच्या लेखीं भेद नाहीं, हा धडा तेव्हांपासून दारांच्या घडणींत शिरला.

३. पत्रा मढविलेलें दार

या सर्व दोषांवर पहिला समाधानकारक उपाय अमेरिकेच्या ईशान्य भागांतील कापडाच्या गिरण्यांत निघाला. तेथील गिरणीवाल्यांनीं परस्परांचा आगविमा उतरविणाऱ्या मंडळ्या काढल्या होत्या. त्यांतील पहिली झकेरिया ॲलन यांनीं १८३५ मध्यें प्रॉव्हिडन्स येथें स्थापिली. ज्याचें नुकसान त्यानेंच भरावयाचें, अशी व्यवस्था असल्यामुळें आग कशी थांबेल याचा विचार या मंडळ्यांनीं जितका बारकाईनें केला तितका दुसऱ्या कोणी केला नाहीं. ता. ९ व १० नोव्हेंबर १८७२ रोजीं बोस्टन शहरांत ७७६ इमारती जळाल्या. दर्शनी भाग ग्रॅनाइटाचे असूनहि अरुंद रस्त्यांवरून आग खिडक्यांच्या व लाकडी छपरांच्या वाटेनें उड्या मारीत गेली. १८७८ पासून बोस्टनच्या अशाच एका मंडळीचे अध्यक्ष असलेले एडवर्ड ॲटकिन्सन यांनीं या विषयाचा मोठ्या नेटानें प्रसार केला. या वर्तुळांत जें दार मान्य झालें तें आश्चर्य वाटावें असें आहे : तें आंतून लाकडाचें आहे.

त्याची घडण अशी. सुमारें एक इंचाहून थोड्या कमी जाडीच्या, नीट वाळलेल्या मऊ लाकडाच्या अरुंद फळ्या जीभ-खांच करून जोडतात. दारासाठीं असे तीन थर व खिडकीच्या झडपेसाठीं दोन थर एकावर एक आडवे-उभे ठेवून खिळ्यांनीं ठोकतात व खिळ्यांचीं टोंकें मागें वळवितात. थर परस्परांस छेदून असल्यामुळें तापल्यावर ते एका दिशेस पिळवटत नाहींत. मग सर्व बाजूंनीं, कडासुद्धां, त्यावर १४ इंच लांब व २० इंच रुंद अशा पातळ पत्र्याच्या तुकड्यांचें आवरण चढवितात. हा पत्रा लोखंडाचाच, मात्र गंजूं नये म्हणून त्यावर कथील व शिसें यांचा लेप दिलेला.

येथें दोन बारकावे महत्त्वाचे आहेत. एक, पत्र्याचे तुकडे डाक लावून जोडावयाचे नाहींत. कथील २३२ अंशांस वितळतें व डाकाचें मिश्रण त्याहूनहि कमी उष्णतेस. डाकानें जोडलेलें आवरण आगीच्या पहिल्या कांहीं मिनिटांतच उकलून पडेल. म्हणून एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेंत अडकवून दुमडतात. दुसरा, खिळे या दुमडीच्या आंत लपलेले असावे. उघड्या डोक्याचा खिळा आगीची उष्णता लाकडांत पोंचविणारी सळईच होतो. शिवाय एक मोठा पत्रा न घेतां लहान तुकडे घेण्याचेंहि कारण आहे : मोठा पत्रा तापला म्हणजे फुगून फाटतो; लहान तुकड्यांचें प्रसरण प्रत्येक दुमडींत थोडें थोडें सामावतें.

आतां असें दार आगींत कसें टिकतें? आपल्या रानांतून कोळसे पाडणारे लोक लाकडें रचून त्यांवर माती लिंपतात व आंत वारा जाऊं देत नाहींत. लाकूड जळून राख न होतां त्याचा कोळसा होतो. पत्र्याच्या आवरणांत नेमकें हेंच घडतें. आगीकडील पत्रा तापतो, त्यामागील लाकूड कोळसा होऊं लागतें, परंतु हवा न मिळाल्यानें तें ज्वाळेनें जळत नाहीं. कोळसा हा उष्णतेचा वाईट वाहक. त्यामुळें तोच पुढच्या लाकडाचें रक्षण करतो. बाहेरचा पत्रा कोळशाच्या थरास जागेवर धरून ठेवतो व लाकूड दारास ताठ ठेवतें. एकटें लाकूड जळून जातें, एकटें लोखंड वांकून जातें. दोघे एकत्र आले म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालतो.

हें दार बहुधा बिजागऱ्यांवर न बसवितां भिंतीवरील लोखंडी पट्टीवरून सरकतें ठेवतात. पट्टी दर फुटास पाऊण इंच उतरती असते, म्हणून मोकळें सोडलें कीं दार आपल्या भारानेंच मिटतें. एरवीं वजन बांधलेल्या दोरानें तें उघडें राहतें. दार भोंकाइतकेंच नसून दोन्हीं कडांस व वर चार चार इंच भिंतीवर चढलेलें असतें. उंबरा दगडाचा किंवा विटांचा हवा. लाकडी तक्तपोशी दाराखालून सलग पलीकडे गेली असेल तर आगहि तिच्याबरोबर पलीकडे जाते. तसेंच भोंकावरील तुळई लाकडी नसावी. ती जळाली तर वरची भिंत दारावर कोसळते. जुन्या वाड्यांत दप्तर ठेवणाऱ्यांनीं या एका गोष्टीकडे तरी अवश्य पाहावें, कारण तेथील भिंतींत लाकडी तुळया व घोडे जागोजाग गाडलेले असतात.

या दाराचा शत्रु ओल होय. आवरणाच्या आंत ओल शिरली तर लाकूड आंतल्या आंत कुजतें व बाहेरून कांहींच दिसत नाहीं. कोंकणांतील हवेंत व पावसाळी भिंतींवर हें भय विशेष आहे. अधूनमधून हातोडीनें हलकेंच ठोकून आवाज ऐकावा. पोकळ, बद्द आवाज आला तर तो पत्रा उघडून पाहावा.

४. गुंडाळतें दार

गुंडाळत्या दाराची वंशावळ निराळी आहे. लंडनच्या दुकानांपुढील लाकडी फळ्या रोज काढण्याच्या व लावण्याच्या त्रासांतून सुटण्यासाठीं १८३० ते १८४० च्या दरम्यान तेथील बनेट यांनीं गुंडाळत्या लोखंडी झडपा प्रचारांत आणल्या. न्यूयॉर्कमध्यें जेम्स विल्सन यांची अशाच दारांची पेढी १८७६ मध्यें निघाली, व ओहायो संस्थानांतील कोलंबस येथें १८९५ मध्यें निघालेल्या किनियर यांच्या कारखान्यानें एकमेकींत अडकणाऱ्या पोलादी पट्ट्यांचें दार सर्वत्र पसरविलें. मूळ हेतु जागा वांचविणें व चोरास अडविणें हा. पुढें मोठ्या वखारींत, जेथें सरकतें दार ठेवण्यास बाजूस भिंतच नाहीं, तेथें आगीसाठींहि या दाराचा उपयोग करतां येईल काय असा प्रश्न आला. व त्यासाठीं दुकानाच्या शटरांत कांहीं फेरफार करावे लागले. हे फेरफार न केलेलें शटर आगीपुढें केवळ पत्र्याचा पडदा होय.

गुंडाळत्या दाराचीं मुख्य अंगें पांच : अडकलेल्या पट्ट्यांचा पडदा, तो ज्यावर गुंडाळतो तो नळ, नळाच्या आंतील पिळाची स्प्रिंग, दोन्हीं बाजूंच्या उभ्या पन्हळी आणि वरच्या गुंडाळीवरील टोप. यांपैकीं प्रत्येकाची आगीच्या दृष्टीनें घडण अशी असावी.

पट्ट्या पोलादाच्या असाव्या, ॲल्युमिनियमच्या नसाव्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें व वखारींतील आग ती उष्णता सहज ओलांडते. पट्ट्यांच्या टोंकांस लोखंडी अडक असावे, म्हणजे पडदा फुगला तरी पट्टी पन्हळींतून निसटत नाहीं. पन्हळ पुरेशी खोल हवी, व पट्टीचें टोंक आणि पन्हळीचा तळ यांत मोकळी जागा हवी. दहा फूट लांबीची पट्टी ५०० अंशांनीं तापली म्हणजे सुमारें पाऊण इंच लांबते. ही जागा न ठेवल्यास पट्ट्या पन्हळीस रेटा देतात, पडदा कमानीसारखा वांकतो व पन्हळच भिंतींतून उखडते. पन्हळीचेहि बोल्ट लांबट भोंकांतून घालावे, म्हणजे तीहि स्वतः लांबूं शकेल. व ते बोल्ट विटांच्या किंवा दगडी भिंतींत बसवावे, लाकडी चौकटींत नव्हे.

वरच्या टोपाचें काम शोभेचें नाहीं. गुंडाळीचा नळ व भिंत यांमध्यें जी पोकळी राहते तिच्यांतून धूर व ज्वाळा सहज पलीकडे जातात. म्हणून टोप पूर्ण बंद असावा व त्याच्या आंत एक लहान लोंबती झडप असावी. दार पडलें कीं ती पडद्यावर टेकून ती फट बुजविते. दुकानाच्या साध्या शटरांत ही झडप कधींच नसते.

आतां दार आपोआप मिटण्याची युक्ति. नेहमींच्या कामांत नळांतील स्प्रिंगचा पीळ पडद्याचा भार तोलून धरतो, म्हणून तो एका हातानें वर जातो. आगीच्या वेळीं हाच पीळ अडथळा होतो. यासाठीं स्प्रिंगचें टोंक एका अडकणीनें धरून ठेवतात, व ती अडकण साखळीनें एका वितळत्या कडीस बांधतात. कडी म्हणजे दोन धातूच्या पट्ट्या कमी उष्णतेस वितळणाऱ्या मिश्रणानें जोडलेल्या. बिस्मथ, शिसें, कथील व कॅडमियम यांचें असें एक मिश्रण १८६० मध्यें बार्नाबस वुड यांनीं काढलें; तें सुमारें ७० अंशांस, म्हणजे उकळत्या पाण्याहूनहि कमी उष्णतेस, पातळ होतें. कडी तुटली कीं अडकण सुटते, स्प्रिंगचा पीळ कमी होतो, आणि पडदा स्वतःच्या भारानें खालीं येतो. तो धाडकन पडून कोणाच्या डोक्यावर आदळूं नये म्हणून एक वेगनियामक त्यास सावकाश उतरवितो. कड्या भिंतीच्या दोन्हीं बाजूंस व छताजवळ असाव्या, कारण तापलेली हवा प्रथम तेथें जमते. तथापि कडीस धुराची जाणीव नसते, व धूर उष्णतेच्या पुष्कळ आधीं पोंचतो. म्हणून आज धूर ओळखणाऱ्या विजेच्या यंत्रानें अडकण सोडण्याची पद्धति रूढ झाली आहे. तिच्या जोडीस कडीहि ठेवावी, कारण आगींत वीज प्रथम जाते.

५. प्रमाणपत्राचा खरा अर्थ

दारांची परीक्षा भट्टींत करण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली. लंडनमध्यें एडविन सॅक्स यांनीं १८९७ मध्यें अग्निप्रतिबंधक समिति स्थापिली, व अमेरिकेंत विल्यम मेरिल यांनीं १८९४ मध्यें सुरू केलेली प्रयोगशाळा विमाकंपन्यांसाठीं अशा परीक्षा करूं लागली. पुढें भट्टीची उष्णता ठराविक क्रमानें वाढविण्याचें ठरलें. अमेरिकेंतील क्रमांत ती पांच मिनिटांत ५३८ अंश, अर्ध्या तासांत ८४३ अंश व एका तासांत ९२७ अंश होते. अखेरीस तापलेल्या दारावर पाण्याचा जोराचा फवारा मारतात, कारण प्रत्यक्ष आगींत बंबवाले तेंच करतात. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेनें १९६६ मध्यें पत्र्याचीं, धातु मढविलेलीं व गुंडाळतीं अशा तिन्हीं जातींच्या अग्निरोधक दारांसाठीं ३६१४ क्रमांकाच्या मानकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. १९७९ च्या ६२४८ क्रमांकाच्या मानकाचा विषय साधीं गुंडाळतीं शटरें हा आहे. शटर घेतांना हे दोन क्रमांक एक समजूं नयेत.

परंतु प्रमाणपत्र पाहून संग्राहकानें एक प्रश्न अवश्य विचारावा : हें दार आग अडवितें, कीं उष्णताहि अडवितें? या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. साधें पोलादी गुंडाळतें दार तीन तासपर्यंत ज्वाळा पलीकडे जाऊं न देतां उभें राहूं शकतें, व तेवढ्यावर त्यास तीन तासांचें प्रमाणपत्र मिळूं शकतें. मात्र त्या वेळांत त्याची आपल्याकडील बाजू लाल झालेली असते. ६०० अंशांस तापलेला पोलादी पडदा दर चौरस मीटरास सुमारें २५ ते ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. माध्यान्हीचें स्वच्छ ऊन याच मापानें सुमारें एक किलोवॅट भरतें. म्हणजे अशा दारासमोर ठेवलेल्या रुमालावर पंचवीस-तीस सूर्य एकदम तळपत असतात. कागदपत्रांच्या अग्निरोधक कपाटांची परीक्षा करतांना आंतील उष्णता १७७ अंशांवर जाऊं नये असा दंडक आहे; संगणकाच्या प्रती ठेवावयाच्या असतील तर ही मर्यादा अवघी ५२ अंश आहे. ज्यांनीं आपलीं हस्तलिखितें छायांकित करून त्या प्रती मूळ कागदांच्याच शेजारीं ठेवल्या आहेत, त्यांनीं हे दोन आंकडे एकत्र वाचावे.

यावरून कोणतें दार कोठें, याचा निर्णय करतां येतो. वखारींत माल दारापासून दूर असतो व रुंद वाट मोकळी ठेवावी लागते. तेथें गुंडाळतें दार योग्य. दप्तराची खोली लहान, दार लहान व आंतील वस्तु उष्णतेस अत्यंत नाजूक; तेथें पत्रा मढविलेलें लाकडी दार, किंवा आजच्या काळीं दोन पत्र्यांमध्यें उष्णतारोधक द्रव्य भरलेलें दार, हेंच श्रेयस्कर. जेथें जागेअभावीं गुंडाळतें दारच बसवावें लागेल तेथें तें भिंतीच्या दोन्हीं बाजूंस एकेक असें जोडीनें बसवावें, म्हणजे मधील हवेची पोकळी थोडा आडोसा करते. किंवा उष्णतारोधक द्रव्य भरलेल्या पट्ट्यांचें घ्यावें.

६. संग्राहकांस सूचना

फडताळें दारासमोर ठेवूं नयेत. येथें दोन-चार हात मागें सरकविण्यानें फारसें साधत नाहीं, कारण मोठ्या तापलेल्या पडद्याची आंच तेवढ्यानें कमी होत नाहीं. परंतु उष्णतेचे किरण सरळ रेषेंत जातात. म्हणून ज्या भिंतींत दार आहे त्याच भिंतीस लागून, दाराच्या बाजूला फडताळें ठेवलीं तर दाराची दृष्टि त्यांवर पडत नाहीं. एक पैसा न खर्चतां करतां येण्याजोगा हा उपाय आहे.

गल्लीकडील व शेजारच्या छपराकडील खिडक्यांस दोन थरांच्या पत्रा मढविलेल्या झडपा बाहेरून लावाव्या व रात्रीं मिटाव्या. त्यांपैकीं कांहीं तरी बाहेरून उघडतां येतील अशा असाव्या. नाहींतर बंबवाल्यांस आंत पाणी मारण्यास वाट राहत नाहीं. भिंतींतून विजेच्या तारा व नळ नेतांना पाडलेलीं भोंकें चुन्यानें किंवा सिमेंटानें बुजवावीं. पांचशें रुपयांच्या तारेसाठीं पाडलेल्या बोटभर भोंकानें लाखाचें दार निरर्थक होतें. आपोआप मिटणाऱ्या दाराआड मनुष्य कोंडला जाऊं नये म्हणून आंतून ढकलून उघडणारें लहान दार किंवा दुसरी वाट असलीच पाहिजे. कागद मोलाचा आहे, परंतु तो वाचणाऱ्याच्या प्राणाहून मोलाचा नाहीं.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, कीं दार वर्षांतून एकदां तरी प्रत्यक्ष पाडून पाहावें. अमेरिकेंतील नियमांत गुंडाळत्या अग्निरोधक दारांस ही वार्षिक परीक्षा सक्तीची आहे. कडीवर रंग चढला, साखळींत गंज बसला, पन्हळींत धूळ साचली, कीं उत्तम दारहि वेळेस पडत नाहीं; व तें पडत नाहीं हें आगीच्या रात्रीं कळून उपयोग नाहीं. आम्हीं एका गांवीं एक चांगला हस्तलिखितसंग्रह पाहिला. उतरत्या पट्टीवरील सरकतें दार तेथें होतें, वजन होतें, कडीहि होती. परंतु येतां-जातां दार मध्येंच सरकतें म्हणून उंबऱ्यावर एक दगड लावून तें कायमचें उघडें ठेवलें होतें. दगड उचलून पाहिला तों तो एका भग्न वीरगळाचा तुकडा निघाला. आम्हीं चालकांस एवढेंच सुचविलें, कीं या दगडास संग्रहांत जागा द्यावी. म्हणजे त्याचेंहि रक्षण होईल व दाराचेंहि.

७. समारोप

दारास सीमा आहेत, हें सांगितल्यावांचून लेख पुरा करणें योग्य होणार नाहीं. डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना ता. ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत स्फोट व आग यांनीं उद्ध्वस्त झाला. स्फोटापुढें कोणतीच झडप टिकत नाहीं. तथापि तेथेंहि मुख्य कोठार व वाचनगृह हीं एकमेकांपासून अलग बांधलेलीं होतीं, म्हणून त्या वेळीं वाचनगृहाच्या बाजूस असलेले थोडे कागद वांचले. यांतून निघणारें तत्त्व साधें आहे. सर्व कांहीं एका खोलींत ठेवूं नये. संग्रहाचे भाग पाडावे, भागांमध्यें भिंत घालावी, आणि भिंतींतील भोंकास असें दार लावावें कीं जें कोणी न सांगतां मिटेल.

हत्तीसाठीं केलेल्या दरवाजाकडे पाहून आपण पूर्वजांच्या दूरदृष्टीचें कौतुक करतों, कारण त्यांनीं आपला शत्रु ओळखून दार घडविलें. आपल्या दप्तरांचा शत्रु कोण हें आपणांस ठाऊक आहे. वाचकांपैकीं ज्यांच्यापाशीं रुमाल, पोथ्या किंवा वह्या असतील त्यांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर उठून आपल्या खोलीचें दार एकदां मिटून पाहावें. तें कोणासाठीं केलें आहे, चोरासाठीं कीं आगीसाठीं, व तें मुळांत मिटतें कीं नाहीं, या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्यांचीं त्यांनाच मिळतील.